आपुन थांबू

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही, आणि ज्याला ती सगळ्यात आधी कळायला हवी होती त्याच्यापाशी तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर माणूस दिसला की माझा आवाज आपोआप चढतो, आणि चढलेल्या आवाजात हे सांगता येत नाही — मी करून पाहिलं आहे.

पण आधी त्या आवाजाबद्दल थोडं बोलू द्या. तेवढी ऐट मला शोभते.

मी शब्बीर, मालेगावचा. नाशकाकडचं मोठं मालेगाव नव्हे, आमचं वाशीम जिल्ह्यातलं. नोकरीची सगळी वर्षं मी बाजारात हर्रास केली. हर्रास म्हणजे मालाचा लिलाव. सोयाबीनचा ढीग ओतलेला, भोवती व्यापारी, ज्याचा माल तो शेतकरी एका बाजूला खांद्यावरचा दुपट्टा चुरगाळत उभा, आणि मधे मी बोली पुकारतो आहे. भोंगा मी कधी हातात धरला नाही. फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या माणसाला आपल्या मालाचा भाव तिथूनच कळायचा. माझ्या तोंडून भाव सुटला की सुटला. पुन्हा विचारायची कोणाची टाप नव्हती. बाहेरगावचे नवे व्यापारी माझी मराठी ऐकून बघत राहायचे — नाव शब्बीर, आणि बोलतो असा? अरे, का नाही बोलणार? इथेच वाढलो, इथल्याच शाळेत शिकलो, आणि शाळेत शेजारी बसायला सुखदेव होता.

सुखदेव जवळच्या किन्हीराजा गावचा. बौद्ध घरातला, शेतात मजुरी करणाऱ्या बाईचा एकुलता मुलगा. त्याची माय डब्यात दोन भाकरी जास्त टाकायची, माझ्यासाठी. मीही तिला मायच म्हणतो. सुखदेवचं नाव घेतलं खरं, पण त्याच्याकडे यायला मला वेळ लागणार आहे. लागू द्या.

निवृत्त झालो तेव्हा लोक म्हणाले, शब्बीरभाई, आता भाव कोण सांगणार? मी म्हटलं, मी काय मेलो आहे? रोज बाजार सुरू झाला की जुन्या सोबत्यांना फोन करून भाव घ्यायचे आणि माझ्या आवाजात भरून फोनवरून सगळ्यांना पाठवायचे. "राम राम, सलाम, जय भीम! शब्बीर बोलून राह्यलो." मग सोयाबीन, तूर, हरभरा, हळद. शेवटचं वाक्य ठरलेलं: "माह्या घरी माल नाई, म्हणून माही जीभ मोकळी हाय." हे वाक्य गावोगाव पोचलं. पोरं नक्कल करायची. टपरीवर माझा आवाज लागला की गिऱ्हाईक चहा ढवळायचं थांबायचं. मी मुद्दाम जाऊन उभा राहायचो ते पाहायला.

माझा एक नियम होता. भाव सांगायचा, सल्ला द्यायचा नाही. लोक विचारायचे, ठेवू का इकू? मी म्हणायचो, माल तुमचा, डोकं तुमचं. लोकांना राग यायचा आणि त्या रागानेच माझी इभ्रत वाढायची. व्यापारी फिरवाफिरवी करतात, शब्बीरभाई करत नाही. का करेल? त्याच्याजवळ आहेच काय?

आता पाहा — इथवर मी तुम्हाला एकही खोटं वाक्य सांगितलेलं नाही. तेव्हाही लोकांना सांगितलं नव्हतं. हीच तर सगळी अडचण आहे.

परवाची गोष्ट. माझी मुलगी नाझनीन वाशीमला बँकेत आहे. सुट्टीला आली होती आणि जेवताना फोनवर शेअर बाजारावाल्या एका माणसाचं बोलणं ऐकत होती. तो माणूस एका कंपनीचं कौतुक करायला बसला होता, पण सुरुवातीलाच त्याने भराभर सांगून टाकलं की या कंपनीत माझे स्वतःचे पैसे आहेत, हे लक्षात ठेवून ऐका. मी विचारलं, हा असं का सांगतो? ती म्हणाली, ज्याचा हिस्सा आहे त्याने चारचौघांत बोलण्याआधी ते सांगायलाच हवं. मग हसली. "अब्बा, तुमको तो ये बोलने की जरूरतच नहीं. तुम्हारे पास कुछ हैच नहीं."

केवढ्या अभिमानाने म्हणाली! मी मान डोलावली आणि वरण वाढून घेतलं.

तर, हळद. काही वर्षांपूर्वी हळदीने उसळी घेतली ती तुम्हाला आठवत असेल. आमच्या भागात जो तो हळदीचंच बोलत होता. माझ्याजवळ निवृत्तीचा पैसा पडून होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे ढीग पुकारले, एकदा आपलाही ढीग असावा असं वाटलं. यात चूक काय? मला आजही चूक वाटत नाही. मी जुनी हळद घेतली, चांगली भरपूर. कारंजा लाडला माझा मेहुणा इक्बाल आहे, त्याचं सरकी-ढेपेचं दुकान, दुकानामागे गोदाम. माल तिथे ठेवला, त्याच्याच नावावर. बायकोला सांगितलं की पैसे बँकेत ठेवलेत.

आणि रोज सकाळी म्हणत राहिलो — माह्या घरी माल नाई. घरी नव्हताच. कारंज्यात होता. शब्दाला धरून चालणारा माणूस मी.

पण तरी एक शब्द बदलला. तो सांगतो, कारण सगळं त्याच्यात आहे. आमच्या बोलीत 'आमी' आणि 'आपुन' हे दोन वेगळे आहेत. तुमच्याही मराठीत आहेतच, तुम्ही कदाचित लक्ष देत नसाल. 'आमी' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपुन' म्हटलं की तो आत येतो — एका ताटात जेवायला बसवल्यासारखा. आमच्याकडे कोणी 'आपुन' म्हटलं की हिशेब विचारत नाहीत. मी फोनवर लोकांना कायम 'तुमी' म्हणायचो. तुमचा माल, तुमचं डोकं. 'आपुन' मी राखून ठेवला होता, घरच्यांसाठी आणि सुखदेवसाठी.

सुखदेवनेही त्या वर्षी स्वतःच्या तुकड्यात हळद लावली होती. पहिल्यांदाच. विहिरीला पाणी लागलं होतं, हिंमत केली. ती हळद कशासाठी होती ते मला ठाऊक होतं — अगदी नीट ठाऊक होतं, हे लिहून ठेवा. त्याच्या विहिरीला लागून एक वावर आहे. मालक शहरात राहायला गेलेला. त्या वावरात मायने जन्मभर निंदण केलं, दुसऱ्याची मजूर म्हणून. मालक विकायला तयार झाला, म्हणाला, सुखदेव, तुझ्या मायकडे बघून अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो, मग दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. त्या दिवसापासून माय त्या वावरात जाईना. इतकी वर्षं रोज जाणारी बाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून नुसती बघायची. मी तिला चिडवलं, माय, वावर रुसलं का तुझ्यावर? ती म्हणाली, "आता आपलं झाल्यावरच पाय ठेवीन, बापू."

मग ती सकाळ आली. मी भाव घ्यायला फोन लावला. सोबत्याने भाव सांगितला — कालचाच, चढाच. पण त्याच्यामागे हर्रास चालू होती आणि ती मला ऐकू येत होती. बोलीवर बोली पडायला उशीर लागत होता. मधे मधे पोकळी येत होती. भाव तोच, पण घेणाऱ्यांची हिंमत आटली होती. ही गोष्ट दुसऱ्या कोणालाही कळली नसती. त्या सोबत्यालाही कळली नव्हती आणि तो तिथे उभा होता! मला फोनवरून कळली. भाव पडणार होता, आठ-दहा दिवसांत. मी इक्बालला कळवलं, माल काढ. पण थोडा थोडा, चार गाड्या आज, चार परवा. एकदम ओतला तर आपल्याच मालाने भाव मोडतो.

आणि आपल्या मालाने मोडला नाही तरी गावोगावची नवी हळद वाळून तयार होती. ती एकदम आली असती तर?

त्याच दिवशी दुपारी सुखदेव आला, मोटारसायकलवर. रुमालात त्याच्या हळदीचे तुकडे बांधून आणले होते. एक माझ्यासमोर मोडला. टणकन आवाज झाला आणि आत असा रंग होता की मी स्वतः पुकारली असती तर त्या दिवसाचा सगळ्यात चढा भाव तिने घेतला असता. मी तसं म्हणालोही. त्याचा चेहरा फुलला. मग त्याने विचारलं, "इकू का थांबू? वावराले पुरते आता एवढ्या भावात. पण लोकं म्हनतात, अजून चढते. तू म्हनशीन तसं करतो."

माल तुमचा, डोकं तुमचं. एवढंच म्हणायचं होतं. माझाच नियम होता. तो गेला असता, विकली असती, वावर घेतलं असतं.

मी म्हणालो, "आपुन थांबू, सुखदेव. आठ रोज."

झालं. हेच ते. 'तू थांब' असं मी म्हणालो नाही. 'आपुन थांबू' म्हणालो, आणि त्याच वेळी कारंज्यात माझी हळद गाडीत भरली जात होती.

तुम्ही विचाराल, त्याला एकट्याला कानात का नाही सांगितलं? मीही हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. सुखदेवच्या पोटात चांगली बातमी राहत नाही. शब्बीर म्हणाला इक — हे त्याने संध्याकाळी पारावर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं असतं, कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून. आणि सकाळी किन्हीराजाच्या गाड्या बाजारात उभ्या राहिल्या असत्या, माझ्या गाड्यांच्या पुढे. त्याचा चांगुलपणा मी ओळखून होतो, आणि त्याच्या त्या चांगुलपणामुळेच मी त्याला फसवलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर सगळ्यांनाच तेच म्हणालो. भाव खरा सांगितला. शेवटी जोडलं, "हळदीचं आपुन थांबून पाहू." इतक्या वर्षांत न दिलेला सल्ला! लोकांनी तो डोक्यावर घेतला. शब्बीरभाई पहिल्यांदा आपुन म्हणाला, म्हणजे काहीतरी असेल. होतंच काहीतरी.

माझा माल निघाला, सगळाच्या सगळा, चढ्या भावात. त्यानंतर हळद अशी कोसळली की विचारू नका.

एक सांगतो, आणि हे ऐकून तुम्हाला मी आवडणार नाही. मला त्या अंदाजाचा अभिमान आहे. तेव्हा होता, आजही आहे. फोनवरच्या पोकळीवरून बाजार ओळखणारा माणूस या जिल्ह्यात दुसरा दाखवा. आणि लोक काय म्हणायला लागले ठाऊक आहे? "शब्बीरभाईचाबी अंदाज चुकला एकदा." टपरीवर माझ्या तोंडावर म्हणाले, समजूत घालत! माझा अंदाज चुकला? माझा? मी चहाचा ग्लास आपटून उभा राहिलो. आवाज चढला. चुकला नाही, मला सगळं कळलं होतं — हे शब्द ओठांपर्यंत आले. पश्चात्तापाने नाही, घमेंडीने. मग टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत आहेत हे दिसलं आणि मी पैसे देऊन निघून आलो. कबुलीच्या इतक्या जवळ मी आजपर्यंत तेवढा एकदाच गेलो आहे.

अक्षय तृतीयेला ते वावर वाशीमच्या एका माणसाने घेतलं. चारी बाजूंनी काटेरी तार ओढली. सुखदेवची हळद नंतर मातीमोल गेली.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी मनाची तयारी करून बसलो होतो. शिव्या देईल, बोलणं सोडेल. मला वाटतं, मला तेच हवं होतं. त्याने खुर्ची ओढली, पाणी मागितलं, प्यायला. आणि माझाच पडलेला चेहरा बघून म्हणाला, "जाऊ दे बे. आपलं वावर गेलं, आपुन काय मेलो का?"

आपलं वावर. म्हणजे त्याचं आणि माझं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने वावर घालवलं, आणि त्या नुकसानीत मला वाटेकरी करून घेतलं, मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. मी काय म्हणालो? मी म्हणालो, हो.

त्या हळदीच्या पैशांतून मी घरावर माडी बांधली. ऐसपैस खोली, समोर गच्ची, खाली पूर्ण गल्ली दिसते. येऊन पाहा, छातीठोक सांगतो, आमच्या मोहल्ल्यात अशी माडी नाही. बायकोला सांगितलं, बँकेतली ठेव वाढली. ती अजून बँकेला दुआ देते. रोजचे भाव मी तिथेच बसून बोलतो.

माडी झाली त्या वर्षी ईदला सुखदेव मायला घेऊन आला. ती दरवर्षी शीरखुर्म्याला येते. गुडघे गेलेत तिचे, तरी माडी पाहायचीच म्हणाली. सुखदेवने मागून आणि मी पुढून हात धरून तिला जिना चढवला. वर पोचल्यावर ती दाराशी थबकली. चपला काढल्या. आतली नवी फरशी बघत राहिली. मी म्हणालो, ये न माय. ती हलेना. कोणाच्या तरी नव्या जागेत जाताना बिचकतात तशी उभी होती. मग स्वतःशीच म्हणाली, "आपलंच त हाय," आणि पाय ठेवला.

आत येऊन तिने भिंतीवरून हात फिरवला. माझ्या डोक्यावरून फिरवला. "लय मेहनत केली माह्या बापूनं," म्हणाली. खाली बायको वाट्या भरत होती, नाझनीन हाका मारत होती. सुखदेव गच्चीत उभा राहून, हे घर त्याच्या भावाचं असल्यासारखा, गल्लीतल्या ओळखीच्या माणसांना हात करत होता.

त्या दोघांना अजून ठाऊक नाही. माय किन्हीराजाला आहे, रोज तारेपलीकडे बघत धुऱ्यावरून विहिरीपर्यंत जाते. मी रोज भाव सांगतो. ते जीभ मोकळी असल्याचं वाक्य बंद केलं आहे. लोकांना वाटतं, म्हातारा विसरला. सुखदेव रोज सकाळी पहिला उत्तर पाठवतो — जय भीम, आपला आवाज एकदम फस्क्लास.

आवाज फस्क्लास आहेच. म्हणून त्याच आवाजात, न चढवता, सांगतो.

आपुन थांबलो नव्हतो. सुखदेव थांबला. मी विकलं.